डाव्या सीटवरच्या गोठी

गोपीचंदने मेटाडोर घेतली तेव्हा तिला वरणाचा वास येत होता. जवाहरनगरच्या एका कंत्राटदाराकडे ती चार वर्षं जेवणाचे डबे वाहायच्या कामी होती. पत्र्यात, सीटांच्या रेक्झिनमध्ये, छताच्या अस्तरात सगळीकडे फोडणीचं वरण मुरलं होतं. १९७४ ची दिवाळी नुकतीच सरली होती. तुमसरच्या घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा गोपीचंदच्या बायकोनं, चंद्रकलेनं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दारातून आत डोकं घातलं आणि म्हणाली, "बाप्पा, भूकच लागली."

गोपीचंदचा धंदा लुगड्यांचा. लुगडी, धोतरं, चोळीचे खण घेऊन तो गावोगावचे आठवडी बाजार करायचा. तोवर एसटीच्या टपावर गठोडी टाकून जायचा. आता घरची गाडी झाली. मागे गठोडी, मध्ये एक बाक आठ वर्षांच्या निर्मलेसाठी, आणि पुढे दोन सीटा. उजवीकडे गोपीचंद, डावीकडे चंद्रकला. दोघांच्या मध्ये झाकणाखाली इंजिन. त्या झाकणावर चंद्रकला भाकरीचा डबा ठेवायची. आंबागडच्या बाजाराला पोचेपर्यंत भाकरी चुलीवरून उतरवल्यासारखी गरम असायची, फक्त तिला किंचित डिझेलचा वास लागायचा. निर्मलेला पुढे कित्येक वर्षं घरची साधी भाकरी अळणी वाटत असे.

बाजारात गाडी लागली की मागच्या दाराच्या कडीपासून जवळच्या झाडापर्यंत दोरी बांधायची आणि तिच्यावर लुगडी पसरायची. हिरवी, जांभळी, कुंकवाच्या रंगाची. त्या लुगड्यांतून ऊन गाळून यायचं. खाली बसलेल्या बायकांचे चेहरे घटकेत हिरवे, घटकेत लाल दिसायचे, आणि वारा सुटला की सगळे रंग एकमेकींच्या गालांवरून सरकत जायचे. चंद्रकला ते पाहत बसायची आणि गिऱ्हाईक काय विचारतं आहे तेच विसरायची.

ती बोलायची मात्र फार. गाडी सुरू झाली की तिचं तोंड सुरू व्हायचं. वाटेत जे दिसेल ते बोलायची. "तो पाहा, सेवकरामचा बैल सुटला. ते बगळे पाहा, सारे एकाच पायावर. अजी, ती बाई धानाच्या बांदीत एवढं लाल लुगडं नेसून कायले चिखल करून राहिली असन? समोर बैलबंडी आहे बरं. पुलावर पोरं बसले आहेत."

पहिली दोन-तीन वर्षं गोपीचंद हसून म्हणायचा, "किती बोलतं! तोंड दुखत नाही?" पुढे त्यानं ते म्हणणं सोडलं. ती गप्प झाली की तोच म्हणू लागला, "मंग?"

"मंग काय?"

"मंग आणखी काय दिसून राहिलं?"

चंद्रकलेला मनातून फार बरं वाटायचं. लग्नाला बारा वर्षं झाली आणि आत्ता कुठे माझ्या गोठींची गोडी लागली याला, असं तिला वाटायचं. ती अधिकच बोलू लागली. परतीच्या वाटेवर, दिवेलागणीला, तलावाचं पाणी तांब्याच्या परातीसारखं दिसायचं तेव्हा ती त्याला एकेक गोष्ट अशी सांगायची जणू लहान मुलाला घास भरवते आहे. आणि तो हळूहळू, फार हळूहळू गाडी चालवायचा.

१९७९ च्या मार्गशीर्षात आंबागडच्या बाजाराहून परतताना दोघांचं बिनसलं. मिटेवानीला चंद्रकलेची बहीण राहायची. पाच मिनिटं थांबू म्हणाली, तर गोपीचंद म्हणाला, "उजेड आहे तोवर घर गाठू." तिनं तोंड फिरवलं आणि एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून बाहेर पाहत बसली. धानाची कापणी चालू होती. मावळतीचा उजेड शेतांवरून निघून गेला होता आणि रस्त्यावर निळसर धूळ तरंगत होती. मागे निर्मला गठोड्यावर झोपली होती. गोपीचंद दोनदा म्हणाला, "मंग?" ती बोलली नाही.

डाव्या अंगानं धानाच्या भाऱ्यांनी लादलेली बंडी चालली होती. चंद्रकलेनं ती लांबून पाहिली होती. गाडी बंडीच्या बाजूनं निघेल असंच तिला वाटलं. गाडी बाजूला झालीच नाही. भारे काचेवर कोसळले, पत्रा करकरला आणि सगळीकडे पिवळा अंधार झाला. काच फुटली नव्हती. कुणाला लागलं नव्हतं. बैल थोडे दूर जाऊन उभे राहिले होते आणि बंडीवाला तुलाराम, हातात बैलाच्या गळ्याची तुटलेली जुपणी घेऊन, खिडकीशी आला.

"दिसली नाही का गा गोपीभाऊ? एवढी मोठी बंडी?"

गोपीचंद स्टेरिंगला धरून बसला होता. खिडकीतून आत आलेल्या लोंब्या त्याच्या मांडीवर पडल्या होत्या. तो म्हणाला, "नाही दिसली."

तुलारामला वाटलं हा थट्टा करतो आहे. चंद्रकलेला तसं वाटलं नाही. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत होता, पण तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला.

भारे परत रचून दिले, बंडी वाटेला लागली. मग तो बोलला. "दोन वर्षं झाली. अंधारलं का मले काही दिसत नाही. आणि दिवसाही बाजूचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसते. नळीतून पाहावं तसं."

"मंग गाडी कशी चालवत होते?"

"तू सांगत होती न."

चंद्रकला त्याच्याकडे बघतच राहिली. ते बगळे, ती लाल लुगड्यातली बाई, पुलावरची पोरं. दोन वर्षं तिच्या तोंडच्या शब्दांवरून हा माणूस गाडी नेत होता, आणि मागे पोर झोपलेली असायची. तिला भीती वाटायला हवी होती. ती नंतर, घरी गेल्यावर वाटली. त्या क्षणी तिला वेगळंच दुखलं.

"मले वाटलं," ती म्हणाली, "तुमाले माह्या गोठी आवडतेत."

तुलारामनं गाडी चालवता येणारा आपला पुतण्या पाठवला, तो गाडी घरी घेऊन आला.

नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून, दिवा धरून पाहिलं आणि सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. चष्म्यानं भागायचं नाही, ऑपरेशन नाही. कडेनं अंधार येत जाईल आणि मधला उजेड शेवटी जाईल. गोपीचंदनं विचारलं, "किती वर्षं?" डॉक्टर म्हणाले, "कोणाला पाच, कोणाला वीस."

मेटाडोर घराच्या बाजूला टिनाच्या छपरीखाली लागली ती लागलीच. गोपीचंदचा मोठा भाऊ घनश्याम शेजारीच राहायचा. तो म्हणाला, "विकून टाक. उभी गाडी सडते." गोपीचंद हो म्हणाला. चार महिने रोज कोणी ना कोणी पाहायला यायचं, झाकण उघडायचं, टायरला लाथ मारायचं. त्या चार महिन्यांत चंद्रकला कामापुरतंच बोलली. भाजीत मीठ आहे का, निर्मला शाळेतून आली का. एरवी घरात तिचा आवाज नसला की गोपीचंद भिंतीला हात लावत फिरायचा. ते तिला दिसायचं, पण आतलं दुखणं हलत नव्हतं.

वैशाखात एक दिवस ती विहिरीवरून आली, कळशी ठेवली आणि म्हणाली, "मले शिकवा."

"काय?"

"गाडी. मी चालवीन."

घनश्याम ऐकून हसला, मग चिडला. "बाई गाडी चालवन? तुमसरात? लोक काय म्हणतीन?"

"म्हणाले तं ऐकू," चंद्रकला म्हणाली. "कान आहेत न आपल्याले."

गावाबाहेरचा तलाव वैशाखात कोरडा पडायचा. तळाच्या चिखलाच्या भेगाळलेल्या खपल्या होऊन त्याही जनावरांच्या पायांखाली पिठासारख्या झालेल्या असायच्या. पहाटे तुलारामचा पुतण्या गाडी तिथवर आणून द्यायचा आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन आडवा व्हायचा. मग ती दोघंच. चंद्रकला उजव्या सीटवर, नऊवारीचा काष्टा घट्ट खोवून, गोपीचंद डावीकडे. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या सीटवर बसला होता.

"हिटर दाब आणि वीसपर्यंत मोज, इंजिन तापू दे. आता चावी. क्लच सोड. हळू, हळू. कोंबडीखालून अंडं काढावं तसं."

गाडी उडी मारून बंद पडायची. पुन्हा वीसपर्यंत मोजायचं.

त्याला ती काय करते आहे ते दिसत नव्हतं, पण इंजिन ऐकू यायचं. "ऐक. आता रडून राहिलं ते. म्हणजे त्याले वरचा गेर पाहिजे. हां. आता कसं सुखानं चाललं पाहा." तलावात ना रस्ता होता ना झाड, ना समोरून येणारी बंडी. ती गोल गोल फिरवायची. पांढरी धूळ उठायची आणि उन्हाच्या पहिल्या किरणांत गाडीभोवती सोन्यासारखी उभी राहायची. मग पुढचं काहीच दिसेना. चंद्रकला म्हणायची, "मलेही नाही दिसून राहिलं काही." तो म्हणायचा, "चालू दे. इथं कोण आहे धडकाले?" आणि दोघं त्या उजेडात, काही न दिसता, फिरत राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी, अशाच एका फेरीत, ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग तिचं तोंड सुरू झालं. पाळीवर एक टिटवी बसली आहे, आपल्यालाच शिव्या देते आहे, असं ती सांगू लागली, आणि गोपीचंदनं सीटवर डोकं टेकून डोळे मिटून घेतले.

"मंग?" तो म्हणाला.

भंडाऱ्याला लायसनची परीक्षा झाली. साहेब गाडीत बसले आणि गोपीचंद कुंपणाशी कान देऊन उभा राहिला. परत आल्यावर साहेब म्हणाले, "ठीक आहे, पास." गोपीचंद म्हणाला, "तिसरा गेर जरा लवकर टाकला."

पावसाळा उतरल्यावर ती दोघं पहिल्यांदा आंबागडच्या बाजाराला गेली. गाडीभोवती अर्धा बाजार गोळा झाला. मनकर्णाबाई म्हणून एक म्हातारी होती, मोहफुलं आणि चारोळी घेऊन जंगलातून यायची आणि वर्षाकाठी एक लुगडं घ्यायची. तिनं आत डोकावून विचारलं, "काय व, मालक कुठी सोडला?"

"हा काय, बाजूले बसला आहे."

"आणि गाडी कोणं आणली?"

"मी."

मनकर्णाबाईनं चंद्रकलेचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि ओंजळभर चारोळी तिच्या पदरात टाकली.

त्यानंतरची सात वर्षं अशी गेली. आंबागड, मोहाडी, वरठी. जवाहरनगरला कारखान्याच्या पगाराच्या आठवड्यात. गोपीचंदच्या डोळ्यांतली नळी बारीक होत गेली. आधी लुगड्याचा अख्खा पदर दिसायचा, मग एक फूल, मग फुलाचा देठ. त्र्याऐंशीच्या सुमारास उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. पण कापड त्याच्या बोटांत गेलं होतं. अंगठ्यानं काठ चोळून तो सांगायचा, हे आंधळगावच्या मागावरचं, हे बाहेरचं. रंग तेवढा बायकोला विचारायचा.

आणि रस्ता तिच्याकडून ऐकायचा. आता त्यावर गाडी अवलंबून नव्हती. चंद्रकला स्वतःच पाहून चालवत होती. बोलायची गरज नव्हती. तरी ती बोलायची, आणि आता तिला माहीत होतं की तो का ऐकतो. तलावात कमळं उघडली आहेत, पण अजून झोपेत असल्यासारखी. एक सारसांची जोडी बांदीत उभी आहे, नवरा पुढे, बायको मागे, भांडण झालेलं दिसतं. हिवाळ्यात सकाळी धुकं असायचं तेव्हा ती सांगायची, "आज काहीच नाही आहे. जग मांडायचंच राहिलं." तो खिडकीबाहेर हात काढून धुक्याला लावायचा.

त्याला सगळ्यांत आवडायची ती मिटेवानीच्या पुढची झाडांची ओळ. दोन्ही अंगांनी जुने आंबे होते, मध्ये मध्ये चिंचा, आणि वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. डोळे होते तेव्हा तो तिथे गाडी हळू करायचा. आता चंद्रकला हळू करायची. "मोहोर आला आहे. एका झाडाले नाही आला, रुसलं आहे ते. चिंचेखाली शेळ्या."

१९८३ च्या हिवाळ्यात ती झाडं तोडली. रस्ता रुंद करायचा होता. एका बाजाराच्या दिवशी खोडांवर चुन्याचे पट्टे दिसले, मधले तीन बाजार हुकले, आणि महिन्याभरानं ती तिकडून गेली तेव्हा दोन्ही अंगांना उघडं आभाळ होतं. पांढरे बुंधे जमिनीतून वर आलेले. तरी चंद्रकलेनं गाडी हळू केली.

"मंग?" गोपीचंद म्हणाला. "आंबे आले का?"

तिनं ओळीनं त्या बुंध्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आले न. नवी पालवी फुटली आहे. तांबडी."

एकदा म्हटल्यावर पुढच्या बाजारी नाही कसं म्हणायचं? ती सांगत राहिली. पालवी तांबडीची हिरवी झाली, मोहोर आला, कैऱ्या लागल्या, कुणी पोरगं झाडावर चढलं आणि खाली त्याची माय ओरडते आहे. मागच्या बाकावर निर्मला ऐकायची आणि काही बोलायची नाही. रिकाम्या रस्त्यावर, भर उन्हात, चंद्रकला गाडी हळू करायची आणि झाडं उभी करायची. कधी कधी तिला स्वतःलाच ती दिसू लागायची. एकदा तर तिनं फांदी चुकवायला मान खाली घातली.

१९८५ चा उन्हाळा. मनकर्णाबाई तुमसरला नातीकडे आली होती. परत जाताना मेटाडोरमध्ये बसली. मिटेवानी मागे पडलं. चंद्रकलेनं सवयीनं गाडी हळू केली आणि तोंड उघडणार, तोच मागून म्हातारी म्हणाली, "आता या रस्त्यानं कुत्र्याले बसाले सावली नाही उरली व बाई. कसे झाडं होते! दोन वर्षं झाली कापून, तरी पाय इथंच थांबतेत माहे."

चंद्रकलेनं नजर समोरच्या रस्त्यावर ठेवली. ती गोपीचंदकडे पाहीना. गाडी चालत राहिली. इंजिन रडू लागलं तरी तिनं गेर बदलला नाही.

"गेर," गोपीचंद हळूच म्हणाला.

तिनं गेर बदलला.

आंबागडला मनकर्णाबाई उतरून गेली. दोरी बांधायची होती, गठोडी उतरवायची होती. दोघंही आपापल्या सीटवर बसून राहिली.

"मले माहीत होतं," गोपीचंद म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्याच उन्हाळ्यापासून. माहा हात खिडकीत राहते न. तिथं आलं का सावली पडत होती हातावर. गार, मंग गरम, मंग गार. झाडं मोजता येत होते. ते बंद झालं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू सांगत होती तं दिसत होते. मी म्हटलं असतं का नाही आहेत, तं तूही सांगणं बंद केलं असतं. मंग माह्यासाठी ते दुसऱ्यांदा कापले गेले असते."

चंद्रकला रडली. बाजार भरत होता. बाहेर कुणीतरी पत्र्यावर थाप मारून विचारत होतं की लुगडी उतरतात की नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "त्या झाडावरचा पोरगा तुमाले खरा वाटला का?"

"पोरगा नाही वाटला," गोपीचंद म्हणाला. "त्याची माय वाटली. तिचा आवाज तू बरोबर काढला."

त्या दिवसापासून ती खरं तेच सांगू लागली. बुंध्यांना फूटभर फुटवे आलेले, शेळ्यांनी ते खाल्लेले, गिट्टीचे ढीग, डांबराचे पिंप. तो तेही तितक्याच मन लावून ऐकायचा. क्वचित एखाद्या दुपारी, बाजार चांगला झालेला असला की, तो म्हणायचा, "आज जुना रस्ता सांग." मग ती जुना सांगायची.

शहाऐंशीत निर्मलेचं लग्न झालं. जावई वरठीच्या कारखान्यात होता. पाठवणीला मेटाडोरच नेली. चंद्रकलेनं स्वतः मुलीला सासरी पोचवलं आणि परत येताना सबंध रस्ता दोघं मागचा आवाज ऐकत आली. मधला बाक मागे खडखडत होता. आधी त्यावर कुणीतरी असायचं म्हणून तो कधी वाजला नव्हता.

गाडीही थकली होती. खालचा पत्रा गंजानं खाल्ला होता आणि आंबागडच्या चढावर धूर सोडायची. चंद्रकलेच्या गुडघ्यांना क्लच जड जाऊ लागला. १९८८ च्या सुरुवातीला मोहाडीच्या टेकचंद बँडवाल्यानं ती घेतली. तो न्यायला आला त्या दिवशी गोपीचंदनं तिला सगळीकडून हात लावला, चाकांना, दिव्यांना, दाराच्या कडीला. टेकचंदनं चावी फिरवली तशी चंद्रकला ओसरीवरून ओरडली, "अगा, आधी हिटर दाब! वीसपर्यंत मोज!" गाडी गेली. तिचा आवाज गोपीचंदला चंद्रकलेपेक्षा बराच वेळ ऐकू येत राहिला.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दुकान मांडलं. बसल्या जागी गिऱ्हाईक येऊ लागलं. पण आंबागडच्या बाजाराचा दिवस आला तेव्हा पहाटे चारला दोघंही जागी झाली. कुठे जायचं नव्हतं. चंद्रकलेनं चहा केला. तो पिऊन गोपीचंद म्हणाला, "एसटी कितीची आहे?"

माल न घेता, नुसत्या भाकरी घेऊन ती दोघं आंबागडला उतरली. इतकी वर्षं बाजार केला, पण वरचा किल्ला कधी पाहिला नव्हता; दुकान सोडून कोण जाणार? आज दुकान नव्हतं. चंद्रकलेचा पदर हातात धरून गोपीचंद पायरी पायरी चढला. ती पुढून सांगत होती, इथं दगड सुटा आहे, इथं मुळी आहे, इथं जरा बस. दरवाजाच्या आत आली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पडक्या तटाशी एक सावलीची जागा पाहून तिनं त्याला बसवलं. खाली सगळा मुलूख पसरला होता. जंगल, तलाव, बांद्या, आणि लांब कुठेतरी धुळीची एक रेघ, तिच्यावरून काहीतरी जात होतं.

चंद्रकलेनं सांगायला तोंड उघडलं.

"थांब जरा," गोपीचंद म्हणाला. "थकली असशीन. आधी भाकरी खाऊ."

तिनं फडकं सोडलं. भाकरी गार होती. दोघांनी कांद्याबरोबर ती खाल्ली. वारा तटावरून येत होता आणि दोघांच्या घामावरून जात होता. खाऊन झाल्यावर चंद्रकला तिथेच पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली, आणि बोलता बोलता, अर्ध्या वाक्यात, झोपली. गोपीचंद तिच्या बाजूला बसून राहिला. परतीची एसटी दोन वाजताची होती, आणि अजून बराच वेळ होता.